आत्याची घरची साळ

माझ्या आत्यानं जनुकशास्त्र हा शब्दही कधी ऐकला नव्हता, पण मला त्या विषयाचा पहिला धडा तिनंच दिला, आणि तोही मुळशीतल्या रिहे गावच्या तिच्या खाचरात पोटरीभर पाण्यात उभं करून. साळ निसवली, लोंब्या बाहेर पडल्या, की ती एक दिवस काढायची आणि सबंध खाचर ओळीनं फिरायची. मी मागून. मधेच थांबून ती एखादं रोप असं उपटायची, की मला वाटायचं कुणावर तरी राग निघतोय.

"काय झालं त्याला? चांगलं तर आहे," मी म्हणायचे.

"चांगलं हाय, पर आपलं न्हाई. ह्याची उंची बघ. ह्येची कुसळं बघ. ह्ये हितं ऱ्हायलं तर फुडल्या साली बियात शिरंल, आन् मंग बस हुडकत."

मला ती रोपं सारखीच दिसायची. तिला मात्र हजारातलं एक परकं रोप बांधावरून दिसायचं. उपटलेली रोपं म्हशीपुढं पडायची, आणि घरी जाताना आत्या अगदी खूश असायची, घर झाडून काढल्यासारखी.

आमचं घर पुण्याजवळच्या माण गावचं. तिथली आमची जमीन आयटी पार्कच्या एका टप्प्यात गेली तेव्हा मी शाळेत होते. उरलेल्या गुंठ्यांवर वडिलांनी तीन मजले चढवले आणि खोल्या भाड्यानं दिल्या. आमच्याकडे तेव्हापासून लावणी नाही, कापणी नाही. बॅगा घेऊन येणारी आणि बॅगा घेऊन जाणारी मुलं तेवढी आहेत. खाचर बघायचं तर आत्याकडे रिह्याला जायचं. सुट्टी लागली की मी निघालेच. डोंगराकडून येणारा गार वारा, ओल्या पेंढ्याचा वास आणि आत्याची सततची बोलणी, हे तिन्ही मला अजूनही एकदमच आठवतात.

त्या खाचरातली साळ खरं तर आमचीच. आत्या लग्नानंतर पहिल्या लावणीच्या आधी माहेरी आली होती आणि परत जाताना माणच्या खाचरातलं बी धडप्यात बांधून घेऊन गेली होती. त्या साळीला वेगळं नाव नव्हतं. आम्ही सगळे तिला घरची साळ म्हणायचो. आखूड दाणा, मळकट तूस, उत्पन्न बेताचं. पण तांदूळ शिजायला लागला की तीन घरं सोडून कळायचं. माणची खाचरं बुजली आणि त्यांच्यावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा जगात ही साळ एकाच ठिकाणी उरली. आत्याच्या एका मडक्यात, राखेत घोळलेली. आत्याला ते पुरतं ठाऊक होतं. दरवर्षी उरलेला तांदूळ कुणी मागितला तर ती द्यायची, पण त्या मडक्याला सुनेलाही हात लावू देत नसे.

मी पुण्याला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायला लागले तेव्हा वर्गात मटारच्या रोपांचा तो जुना प्रयोग शिकवला. भाताबद्दलही सांगितलं. भाताचं फूल उघडतं जेमतेम तासा-दोन तासांपुरतं, आणि त्या आधीच किंवा त्याच वेळात त्याचे पराग त्याच्याच फुलात पडलेले असतात. म्हणून पिढ्यान् पिढ्या भाताचं वाण तसंच राहतं. क्वचित शेजारच्या वाणाचा पराग शिरतो, किंवा पोत्यात दोन दाणे परके येतात, आणि मग वेगळी रोपं दिसायला लागतात. मी बाकावर बसून हसत होते. आत्या इतकी वर्षं खाचरात काय करते आहे ते आज मला फळ्यावर दिसत होतं. त्या रविवारी मी मुद्दाम रिह्याला गेले आणि तिला सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी भाताचं लगीन सवताशीच लागतं," ती म्हणाली. "त्येच तर मी म्हनतुया. बाहेरचं शिरू द्यायचं न्हाई."

तिला आणखी एक गंमत सांगितली ती वासाची. तांदळाचा सुवास ज्या जनुकामुळे येतो, त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. दोन्ही सुवासाच्या असतील तरच वास येतो. एक जरी बिनवासाची आली, तर वास दबून राहतो. आत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग आमची दोनी बाजूनं चांगली हाय." मला तिचा तो ताठा फार आवडायचा.

शेवटच्या वर्षाला माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एक प्रकल्प हाती घेतला. मुळशीतली जुनी भातं गोळा करायची, त्यांचा डीएनए काढायचा आणि खरोखर जुनं काय उरलंय, नव्या वाणांत मिसळलेलं काय आहे, ते पाहायचं. मॅडम म्हणाल्या, "कुणाच्या ओळखीत आहे का?" माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. माझ्या आत्याकडे आहे म्हणून मी अख्ख्या प्रयोगशाळेत मिरवून घेतलं.

जानेवारीत आम्ही जीपनं रिह्याला गेलो. आत्यानं अंगण सारवून घेतलं होतं. माझी वहिनी, म्हणजे आत्याची सून, नवी होती. लग्नाला वर्ष झालेलं, पाचवा महिना चालू, आणि बोलायची लाज. आतेभाऊ कंपनीत पाळीवर गेलेला. मॅडम आल्या आल्या आत्यानं त्यांना जयभीम घातला आणि थेट खाचराकडेच नेलं. तिथं बांधावर उभी राहून ती मॅडमना निवड कशी करायची ते शिकवायला लागली. मॅडम वहीत भराभरा लिहून घेत होत्या. मला इतका अभिमान वाटत होता, की काय सांगू.

खाचराकडे जाताना आत्यानं मागं वळून, आयुष्यात पहिल्यांदाच मडकं दुसऱ्याच्या हाती देत, सुनेला सांगितलं होतं, "मडक्यातलं शेरभर बी काडून ठिव मॅडमसाटी. चा बी टाक." आम्ही परत आलो तेव्हा फुलाफुलांच्या कपबशीत चहा आला आणि शेजारी स्वच्छ पिशवीत बी. टपोरे, निवडलेले, झळझळीत दाणे. "वहिनी, किती छान निवडलंत," मी म्हणाले. ती लाजून आत गेली. आत्या मॅडमसाठी परसातली भाजी काढायला गेली होती, तोवर मी पिशवीवर गाव, तारीख, वाणाचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आणि ती जीपमध्ये ठेवून दिली. त्या दाण्यांकडे मी नीट पाहिलंसुद्धा नाही. चिठ्ठी सरळ चिकटतेय ना, तेवढंच पाहिलं.

पुढचे दोन महिने मी प्रयोगशाळेत रमले होते. ओल्या कागदावर ते दाणे रुजवले, कोवळी पानं काढली, खलात घोटली. गरम पाण्यात नळ्या, मग क्लोरोफॉर्म, मग थंड अल्कोहोल. आणि नळी हळूच उलटी-सुलटी करताना डीएनएच्या पांढऱ्या तारा वर येतात, तो क्षण मी आजही विद्यार्थ्यांना दाखवते तेव्हा त्यांच्याआधी मीच पुढं वाकते. मी तेव्हा आत्याला फोन करून सांगितलं होतं, "आत्या, तुझ्या साळीचा डीएनए दिसला. पांढरा, धाग्याधाग्यांचा."

"शेवया झाल्या म्हन की," ती म्हणाली.

मग त्या डीएनएचे ठरावीक तुकडे निवडायचे, पीसीआर यंत्रात त्यांच्या लाखो प्रती करायच्या, आणि खरवसाच्या वडीसारख्या थरथरत्या जेलमधून विजेनं पळवायचे. लहान तुकडा पुढं धावतो, मोठा मागं रेंगाळतो. दिव्याखाली धरलं की पट्ट्यांच्या ओळी दिसतात. दोन वाणांचे पट्टे सगळीकडे जुळले, तर ती दोन वाणं नाहीत, एकच आहे.

आत्याच्या साळीचे पट्टे जुळले. दुकानात पाकिटात मिळणाऱ्या, अगदी अलीकडच्या एका वाणाशी. पहिल्या ठिकाणी, दुसऱ्या ठिकाणी, सगळ्या ठिकाणी. मी तीनदा करून पाहिलं. त्या वाणाला तर सुवासही नसतो. मॅडमना विचारलं, तर त्या समजुतीनं म्हणाल्या, "असं फार ठिकाणी होतं गं. नाव जुनं राहतं, बी कधीतरी बदललेलं असतं. आणि लहानपणी खाल्लेल्या भाताला वास असतोच."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वाईट वाटण्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. आपल्याला आता असं काही कळतं जे आत्याला कळत नाही, याचा एक चोरटा आनंद होता. मी तेव्हा फारच शहाणी झाले होते.

मार्चच्या शेवटी मी रिह्याला गेले. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्यामुळे घरात आत्या एकटीच. मी जेलचा फोटो तिच्यासमोर धरला आणि बोट ठेवून दाखवलं. ही तुझी साळ, हे पाकिटातलं वाण. बघ, एकसारखं.

तिनं फोटो हातात घेतला. "माजी साळ दुकानातली हाय म्हन्तीस?"

"कधीतरी मिसळली असेल. तुझ्या लक्षात आलं नसेल."

"माज्या?" ती म्हणाली. एवढंच. मग फोटो उलटा करून बघत, "ह्ये यंत्र चुकत न्हाई व्हय?"

"यंत्र चुकत नाही, आत्या. मी तीनदा केलंय."

आणि एवढ्यावर थांबायचं तर तेही नाही. मी तिला सल्ला दिला. म्हणाले, तेच वाण आहे तर राखेतलं जुनं बी कशाला सांभाळतेस, दुकानातून ताजं आण, उगवण चांगली होईल, पीक जास्त येईल. हे गिरणीला टाकून दे. आत्यानं मान डोलावली. तिनं माझ्याशी वाद घातला असता तर बरं झालं असतं. एरवी ती चहात साखर किती यावरही वाद घालायची. पण पोरगी शिकलेली, पोरगी आपल्या माहेरची, तिचं कसं खोटं ठरवायचं, असं तिला वाटलं असणार.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला मी पुन्हा गेले. विहारासमोर आमच्या वस्तीची खीर असते, मोठ्या पातेल्यात, सगळ्यांनी मिळून केलेली. त्या वर्षी तांदूळ आत्यानं दिला होता. वंदना संपली, खीर वाढली, आणि वाटी तोंडाजवळ नेताच तो वास आला. सबंध लहानपण त्या वाफेत होतं. माणचं आमचं जुनं स्वयंपाकघर, पाटावर ओळीनं बसलेलो आम्ही भावंडं, पहिला भात कुणाला म्हणून होणारी भांडणं. मी डोळे मिटून दोन वाट्या खीर खाल्ली. वेलदोडे चांगले पडलेत, असं आत्याला म्हणाले.

"पडल्याती खरं," ती म्हणाली.

सुवासाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती जुळल्याशिवाय वास येत नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. पाकिटातल्या वाणाला वास नसतो, हेही मला पाठ होतं. तरी नाकासमोर आलेली गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. आजही त्या दोन वाट्यांची आठवण आली की मला माझाच राग येतो.

जूनमध्ये आत्यानं दुकानातलं बी पेरलं. ऑक्टोबरात मी गेले तेव्हा खाचर दिसायला झकास होतं, सगळं एका उंचीचं. आत्या मात्र ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. "फिरून आलीस का खाचरात?" मी विचारलं. "काय करू जाऊन?" ती म्हणाली. वहिनी तोवर परतली होती, पाच महिन्यांची लेक मांडीवर. मी माझ्या कामाचं बोलले. मॅडमना शोधनिबंधासाठी प्रयोग पुन्हा करायचा होता, त्याच बियाण्यातलं आणखी मापटंभर हवं होतं. आत्या म्हणाली, आता कुठलं, ते सगळं संपलं. वहिनी मधेच म्हणाली, "थांबा ताई, शेजारच्या मावशींकडं असंल. आणू का इचारून?"

"शेजारी? त्यांच्याकडे कशाला?"

"तवा तितनंच तर आनलं हुतं."

वहिनी सरळ मनानं सांगत होती. त्या दिवशी आत्यानं मडक्यातलं बी काढायला सांगितलं, ते तिनं काढलं. बघते तर राख, काड्या, मळकट बारीक दाणे. पुण्याच्या मॅडम दारात आलेल्या, आणि त्यांच्या हातात हे कसं द्यायचं? सासरची अब्रू जाईल. घरात चहाचे कप धड नव्हते म्हणून ती शेजारी कपबशा मागायला गेलीच होती. तिथं पोत्यात दुकानातल्या वाणाचं छान पाखडलेलं बी दिसलं, तेही शेरभर मागून आणलं. मडक्यातलं परत मडक्यात. पाहुण्यांसाठी शेजारच्या कपबशा आणतात, त्यातलाच तो प्रकार. आपण काही चूक केली हे तिच्या गावीही नव्हतं. आणि निकाल लागला तेव्हा ती माहेरी होती.

मी आत्याकडे पाहिलं. आत्यानं हातातली शेंग तशीच टाकली. शेंगांची परडी बाजूला ठेवली आणि मला म्हणाली, "म्हंजी माजी साळ तू बगितलीच न्हाईस."

"नाही, आत्या."

"आन् मी गिरनीला घातली."

मी रडले. मोठी झाल्यावर आत्यासमोर पहिल्यांदाच. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं नाही की समजूत काढली नाही, आणि ते योग्यच होतं. मग ती उठली आणि आतून एक डबा घेऊन आली. खिरीच्या वेळचे उरलेले पांढरेशुभ्र तांदूळ, दोन-तीन मुठी, सगळे तिनं माझ्या हाती दिले.

गिरणीतून निघालेल्या तांदळाचा कोंब गेलेला असतो. दाण्याच्या टोकाशी एक बारीकसा डोळा असतो, त्यात पुढचं सगळं रोप असतं, आणि पॉलिशमध्ये पहिला तोच निघून जातो. मला हे माहीत होतं, तरी मी त्यातले शंभर दाणे ओल्या कागदावर मांडले. आठ दिवस रोज सकाळी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत जाऊन पाहत होते. नवव्या दिवशी ते आंबले आणि टाकून द्यावे लागले.

डीएनए मात्र निघाला. नुसत्या पिठाळ दाण्यातून काढणं किचकट असतं, पण निघाला. पट्टे पाकिटातल्या वाणाशी जुळले नाहीत. आम्ही मुळशीतून गोळा केलेल्या कुठल्याच वाणाशी जुळले नाहीत. सुवासाचं जनुक दोन्ही बाजूंनी होतं. मॅडम खुर्चीतून उठल्याच. "अगं, हे तर अगदी वेगळं आहे! बी घेऊन ये लगेच." मी म्हणाले, बी नाही. त्या फोटो घेऊन पुन्हा खुर्चीत बसल्या.

दिवाळी उलटल्यावर मी रिह्याला गेले आणि तो फोटो आत्याला दिला. या वेळी बोट ठेवून शिकवायला गेले नाही. एवढंच सांगितलं, "तुझी वेगळी होती. कुणासारखी नव्हती. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं."

तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "मी सांगत न्हवते?" म्हणत तिनं फोटो उजेडाकडे धरला. मग विचारलं, "मंग ह्याच्यावरनं उगवंल का परत?"

"नाही, आत्या. यावरून ती कोण होती एवढंच कळतं."

तिनं फोटो ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "तुज्याकडं त्यातलं काय ऱ्हायलंय का?" तपासणीतून उरलेला मूठभर तांदूळ मी नमुना म्हणून फ्रीझरमध्ये ठेवला होता. "आन," ती म्हणाली. "पोरीचं उष्टावण हाय फुडल्या आयतवारी."

नमुना असा बाहेर न्यायचा नसतो. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "नळीत डीएनए आहे ना? मग ने."

रविवारी आत्यानं तो तांदूळ स्वतः धुतला, मऊ शिजवला, तूप घातलं आणि बोटानं कुस्करला. वास ओट्यापर्यंत आला. शेजारच्या मावशीही उठून आल्या. पोरीनं पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं, सगळे हसले, मग ती थांबली, आणि चिमणीसारखा आ केला. आत्या भरवत राहिली. इतक्या महिन्यांत तिला मी इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. वाटी रिकामी झाली तरी पोरीचं तोंड उघडंच होतं.

"लई आवडलं हिला," आत्या सुनेला म्हणाली. "उद्याबी हाच कर."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी आत्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "आत्या, हा संपला."